लाट आधी बोटीत भरावी लागते

नोकरीसाठी मिनियापोलिसला आल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात एका सहकाऱ्याच्या बोटीमागे मी मिनेटोंका तळ्यात वेकसर्फिंगसाठी उतरलो आणि जवळजवळ महिनाभर नुसता पडत राहिलो. वेकसर्फिंगमध्ये बोटीच्या मागे उठणाऱ्या लाटेवर फळी घेऊन उभे राहायचे असते. सुरुवातीला सुमारे वीस फुटांची दोरी हातात असते आणि लाटेने आपल्याला पुढे ढकलायला सुरुवात केली की ती सोडून द्यायची असते. दोष माझ्या तोलाचा आहे असे मी धरून चाललो होतो, आणि तो काही अंशी होताही. परंतु लाट माझ्या पायाखालून दर वेळी एकाच जागी निसटते, हे सुकाणूवर बसलेल्या सहकाऱ्याच्या पत्नीच्या लक्षात आले आणि त्यांनी मला खोलीमापक पाहायला सांगितले. तेथे पाणी अवघे नऊ फूट होते.

खोलीचा हा हिशेब नवख्या माणसाने आधी समजून घ्यावा. वेकसर्फिंगसाठी बोट साधारणपणे ताशी 10 ते 12 मैल वेगाने चालवतात. ताशी 11 मैल म्हणजे सेकंदाला जवळजवळ 5 मीटर, आणि खोल पाण्यात बोटीबरोबर त्याच वेगाने चालणाऱ्या लाटेची एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतची लांबी सुमारे 15 मीटर भरते. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. म्हणजे 25 फुटांच्या आत ही बाधा हळूहळू सुरू होते आणि आठ-दहा फुटांवर तर लाटेचे रूपच पालटते. इंजिनाचा आवाज चढतो, बोट जड झाल्यासारखी वाटते, आणि सर्फरला पुढे रेटणारा जोर नाहीसा होतो. आम्ही दुसऱ्याच दिवशी खोल पट्टा निवडला आणि त्याच चुकीच्या तोलावर मी पंधरा-वीस सेकंद टिकलो.

वाऱ्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. सकाळी लवकर जावे, आणि वारा पश्चिमेचा असेल तर पश्चिम किनाऱ्याच्या आडोशाचा उपसागर गाठावा. मिनेटोंका हे अरुंद वाटांनी जोडलेल्या अनेक उपसागरांचे तळे असल्याने असा आडोसा बहुधा सापडतो. शनिवारी दुपारी मात्र इतर बोटींच्या लाटा काठच्या भिंतींवर आपटून परत येतात आणि कितीही चांगली मांडणी केली तरी लाटेचा पृष्ठभाग खडबडीतच राहतो. त्या वेळी काठावर बसून जेवावे हे उत्तम.

खरी कसरत वजनाची असते. लाट म्हणजे बोटीने बाजूला सारलेल्या पाण्याची आपल्या जागी परतण्याची धडपड. त्यामुळे बोट जितकी जड, तितके पाणी जास्त सारले जाते आणि लाट मोठी होते. याच मिनेसोटा राज्यातील पेपिन तळ्यावर वॉटर स्कीइंगचे जनक मानले जाणारे राल्फ सॅम्युएलसन यांनी 1922 मध्ये बोटीमागे स्कीइंग केले. त्या खेळात बोटीमागे लाट जितकी कमी तितके बरे, आणि आमचे सारे उलटे. म्हणून बोटीतल्या बॅलास्टच्या, म्हणजे वजन वाढवण्यासाठीच्या, टाक्यांत तळ्याचेच पाणी भरतात. वजन मागे जास्त असेल तर लाट उंच, उभी, पण आखूड होते; थोडे वजन पुढे नेले की ती लांबते आणि उभे राहायला ऐसपैस जागा मिळते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे लक्षात ठेवले तर चार मोठी माणसे म्हणजे तीनशे लिटरची चालती-फिरती टाकी आहे हे उमगते. आमच्याकडे चिवड्याचा डबा पुढे ठेवला की सगळे पुढे सरकत आणि मागे लाट बिघडे; तो डबा आता मधल्या बाकाखाली असतो. उत्पादकाने सांगितलेली वजनाची मर्यादा मात्र ओलांडू नये, कारण अति जड बोट वळताना पुढच्या टोकावरून पाणी आत घेते.

बाजूची निवड मी उशिरा शिकलो. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याने बोटीच्या डाव्या बाजूची लाट घ्यावी, उजवा पाय पुढे ठेवणाऱ्याने उजवीकडची, म्हणजे तोंड लाटेकडे राहते. माझा उजवा पाय पुढे असतो आणि मी महिनाभर डावीकडे लाटेला पाठ करून उभा होतो! पूर्वी हव्या त्या बाजूची टाकी जास्त भरून बोट कलती करत. आता बहुतेक सर्फ-बोटींच्या मागे हलत्या पट्ट्या असतात आणि डावीकडे लाट हवी असेल तर उजवीकडची पट्टी बाहेर काढतात. त्यामुळे उजवीकडचे पाणी मागे येऊन मिसळायला उशीर लागतो आणि डावीकडची लाट फेसाळ न होता स्वच्छ उठते. वेग अर्ध्या-अर्ध्या मैलाने बदलून पाहावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत टिपावी.

ज्या बोटीचा पंखा (प्रोपेलर) मागच्या टोकाबाहेर फिरतो, तिच्यामागे हा खेळ अजिबात खेळू नये. पंखा तळाखाली असला तरी बोटीच्या अगदी मागे कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्यामुळे चालत्या बोटीच्या मागच्या फळीवर कोणी बसू नये.

आमच्या मोठ्या लाटा काठावर येऊन आपटतात, ही काठावरच्या रहिवाशांची तक्रार मला सुरुवातीला किरकिर वाटली होती. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने 2022 मध्ये अशा बोटींच्या लाटा मोजून या बोटींनी काठापासून किमान 500 फूट दूर राहावे असे सुचवले, आणि त्यानंतरच्या अभ्यासात पंख्याच्या झोताने तळ ढवळू नये म्हणून किमान 20 फूट खोलीची शिफारस केली. आमच्या लाटेलाही तेवढीच खोली लागते, तेव्हा या बाबतीत तळ्याचे हित आणि आमची हौस यांत भांडण नाही.

शेवटचे काम बोट बाहेर काढल्यावरचे. मिनेटोंकात 2010 मध्ये झेब्रा शिंपले ही बाहेरून आलेली उपद्रवी जात सापडली आणि त्यांची सूक्ष्म पिल्ले पाण्यातून इकडून तिकडे जातात. बोटीतले पाणी वाहून जाण्यासाठी असलेले बूच काढून, ते भोक उघडेच ठेवून बोट रस्त्याने न्यावी असा राज्याचा कायदा आहे. पण बॅलास्टच्या टाक्या पंपाने पूर्ण रिकाम्या होत नाहीत, तळाशी थोडे पाणी उरतेच. म्हणून टाक्या सुकेपर्यंत आम्ही ती बोट दुसऱ्या तळ्यात उतरवत नाही.