देवराईतलं मेलेलं लाकूड मोजायचं कसं

कोकणातल्या जुन्या देवरायांमधे वाळकी काडीपण बाहेर न्यायची नाही असा नियम, म्हणून तिथे पडलेले ओंडके नि वठलेली झाडं अजून दिसतात. हल्ली साफसफाईच्या नावाखाली तीच आधी उचलतात, म्हणून म्हणतो, आत्ताच मोजून ठेवा, नंतर किती गेलं ते सांगता तरी येईल.

आधी गुरवांना, गावकऱ्यांना विचारा, अभयारण्य असेल तर वनखात्याची परवानगी लागतेच. पावसाळा टाळून जानेवारी-फेब्रुवारीत जा.

५० मीटरच्या दोन दोऱ्या एकमेकींना काटकोनात ताणायच्या. १० सेंमी किंवा जास्त जाडीचा जो ओंडका दोरीखाली येईल त्याची जाडी बरोब्बर दोरी जिथे ओलांडते तिथेच मोजायची, जाड बुंध्याकडे सरकायचं नाही. शिंप्याचा टेप असेल तर घेर भागिले ३.१४. पण ओंडक्याखाली हात घालून टेप फिरवू नका, तिथे फुरसं असू शकतं, त्यापेक्षा कॅलिपर (ओंडका दोन दांड्यांमधे धरून थेट जाडी मोजायचं साधन) बरा.

मग कोयत्याचा हलका घाव. पातं उसळलं तर टणक, थोडं रुतलं तर मधलं, भुगा झाला तर कुजलेलं. एका ओंडक्याला एकच घाव पुरे, आणि ओंडका उलथायचा नाही, खालची ओल गेली की बुरशी नि किडे संपले.

हिशोब सोपाय: सगळ्या जाड्यांचे (सेंमीत) वर्ग करून बेरीज, गुणिले १.२३, भागिले दोरीची एकूण लांबी मीटरमधे. समजा १२, १५, २० आणि २८ सेंमीचे चार ओंडके लागले, वर्गांची बेरीज १५५३, लांबी १०० मीटर, म्हणजे हेक्टरी साधारण १९ घनमीटर. दोनच दोऱ्यांवर विश्वास ठेवू नका, देवराई मोठी असेल तर चार-पाच ठिकाणी ताणा, नाहीतर एखाद्या आडव्या पडलेल्या बेहड्यानेच आकडा फुगतो.

उभी वठलेली झाडं दोरीत येत नाहीत, ती २० बाय २० मीटरच्या चौकोनात वेगळी मोजा. १.३७ मीटरवर घेर, अंदाजे उंची, ढोल्या किती. धनेश, तांबट, सुतार यांची घरं ढोलीतच, त्यामुळे हा रकाना कधीच रिकामा सोडू नका. वारा असेल तर खाली थांबू नका, वरची फांदी कधीही येते.

जागेचं जीपीएस नि एकाच कोपऱ्यातून फोटो ठेवा. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच रेषेवर परत मोजा, आणि ओंडका नाहीसा झाला तर तो कुजला का कोणी नेला, हे त्याच दिवशी वहीत लिहा.