राईड बंद निघाली तर? सहलीला जाताना या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडून थीम पार्कला जायचं म्हणजे साधं काम नाही. रात्रीच्या गाडीने पहाटे कल्याण, तिथून खोपोली लोकल, मग रिक्षा, सोबत दशम्या-चटणीचा डबा आणि झोपेतून उठवलेली पोरं. एवढं करून आत गेल्यावर ज्या राईडचे व्हिडिओ पोरगं महिनाभर बघत होतं, नेमकी तिच्याच समोर साखळी लावलेली आणि 'देखभालीसाठी बंद' असा बोर्ड. राग येणारच, कोणालाही येईल. पण आमच्या कॉलनीच्या सहली ठरवताना मी एक पाहिलंय, यातला निम्मा त्रास घरी बसून टाळता येतो आणि उरलेला तिथे गेल्यावर डोकं शांत ठेवलं तर टळतो.

पहिली चूक फोनवरच होते. आपण फोन करून विचारतो, "पार्क चालू आहे का?" समोरचा म्हणतो हो, आणि खरंच चालू असतं. विचारायचं ते असं, की अमुक तारखेला अमुक राईड चालू असणार का, ती मेन्टेनन्सला तर जाणार नाही ना. राईडचं नाव आणि तारीख दोन्ही सांगा, जमलं तर ईमेल करा म्हणजे उत्तर लेखी राहतं. ट्रॅव्हल्सवाल्याच्या "सगळं चालू आहे हो"वर आणि दोन वर्षांपूर्वीच्या यूट्यूब व्हिडिओवर तिकीट काढू नका. परदेशात जाणाऱ्यांना तर हे फार सोपं आहे, टोकियो डिस्नीलँडसारखी पार्कं कुठली राईड कुठल्या तारखांना बंद राहणार ते वेबसाईटवर बरंच आधी टाकतात. तिथली स्पेस माउंटन नावाची राईड ३१ जुलै २०२४ ला शेवटची चालली, ती पाडून नवीन बांधणार आणि २०२७ मध्ये उघडणार हे आधीच जाहीर केलेलं होतं. तरी टूरमध्ये जाऊन तिथेच 'अरे ही बंद कशी' म्हणणारे लोक असतातच.

दुसरी चूक आपल्या खान्देशातल्या लोकांची खास आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. आपल्याला फुरसत कधी मिळते? एक तर पेरण्या उरकल्यावर पावसाळ्यात, नाहीतर कापूस विकून हातात पैसे आल्यावर, म्हणजे दिवाळीची गर्दी ओसरल्यानंतर किंवा जानेवारी-फेब्रुवारीत मधल्या वारी, कारण तेव्हा तिकिटंही स्वस्त असतात आणि हॉटेलंही. पार्कवाले मोठी दुरुस्ती कधी काढणार? साधारण याच दिवसांत, जेव्हा गर्दी कमी. मे महिन्यात आणि नाताळात आपल्याकडचं पार्क आपली सगळ्यात मोठी राईड सहसा मुद्दाम बंद ठेवणार नाही. म्हणजे स्वस्त तिकीट आणि बंद राईड ही जोडी बऱ्याचदा बरोबरच येते, त्यात कोणी आपल्याला मुद्दाम फसवत नसतं. तुम्हाला एकच राईड बघायची असेल तर गर्दीचा सीझन घ्या, रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. शांतपणे अख्खं पार्क फिरायचं असेल तर ऑफ सीझन चांगला, फक्त दोन-तीन राईड बंद असणार हे धरूनच निघा. आणि पोरांना हे निघण्याआधी सांगा! "तिथे गेल्यावर त्या मोठ्या रोलर कोस्टरमध्येच बसवतो" असं कबूल करून नेलं की ते पोर दिवसभर बाकी कशालाच हात लावत नाही.

बंद बंद सगळं सारखं नसतं हेही डोक्यात ठेवा. पाऊस-विजांमुळे थांबवलेली राईड आभाळ मोकळं झालं की सुरू होऊ शकते, सेन्सरने थांबवलेली कधी वीस मिनिटांत तर कधी संध्याकाळपर्यंत, पण रिफर्बिशमेंटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला काढलेली त्या दिवशी सुरू होतच नाही. तेव्हा बोर्ड बघून लगेच पाठ फिरवू नका आणि तासभर उभेही राहू नका, स्टाफला नीट विचारा की आज चालू व्हायची शक्यता आहे का. बस.

आता सगळ्यात जास्त भांडणं जिथे होतात ते. बंद राईडवर रिकामी गाडी फिरताना दिसते. एका पार्कात मी बघितलं, सीटांवर माणसांच्या आकाराचे पाणी भरलेले प्लास्टिकचे पुतळे बसवलेले, गाडी दर काही मिनिटांनी वर चढून खाली येत होती, आणि गेटवर आपल्याकडचेच एक काका त्या विशी-बाविशीच्या ऑपरेटर पोराला म्हणत होते, "अरे भो, गाडी तर फिरते ना, पुतळ्यांना बसवता अन् आम्हाला नाही?" पोरगा बिचारा एकच वाक्य परत परत बोलत होता, टेस्टिंग चालू आहे साहेब. काकांचा नातू शेजारी रडत होता, त्याला गप्प करायचं सोडून सगळे भांडण बघत होते.

त्या फेऱ्या कशासाठी असतात ते समजून घ्या. भुसावळच्या रेल्वेवाल्यांच्या घरात पीओएच, म्हणजे ठराविक काळाने होणारी इंजिनाची मोठी दुरुस्ती, कोणाला समजावून सांगावी लागत नाही, इंजिन पूर्ण खोलून, तपासून, झिजलेलं बदलून परत जोडतात, कोस्टरचंही तसंच. तिच्या गाडीला एकाच जागी तीन तऱ्हेची चाकं असतात, रुळाच्या वर धावणारी, बाजूने धरणारी आणि खालून पकडणारी, म्हणून ती उलटी झाली तरी रूळ सोडत नाही. त्या चाकांवरचं पॉलियुरेथेन झिजतं, ते बदलावं लागतं. एक्सल आणि वेल्डिंगला डोळ्याला न दिसणारी चीर आहे का ते रंगाचं द्रव किंवा चुंबकीय पावडर लावून बघतात. खांद्यावरच्या लॉकची एकेक सीट तपासतात. एवढं झाल्यावर माणसाच्या वजनाचे पुतळे बसवून फेऱ्या मारतात, आणि ते बरोबर निघालं की मग आपला नंबर. हे टाळलं तर काय होतं ते अहमदाबादच्या कांकरियाला १४ जुलै २०१९ ला दिसलं, फिरणारी राईडच तुटून खाली आली आणि दोन जण गेले. आपल्याकडचे किती लोक सुरतेहून पुढे अहमदाबादला जातात, पोरांना कांकरिया दाखवतात, म्हणून ती बातमी मला आजही विसरता येत नाही.

त्यामुळे "चालू करा, चालू करा" असा ओरडा करून ऑपरेटरवर दबाव आणणं ही चूक माझ्या मते सगळ्यात वाईट. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये २ जून २०१५ ला स्माईलर नावाच्या कोस्टरचं काय झालं ते बघा. कोस्टरच्या रुळाचे रेल्वेसारखेच ठरवलेले भाग असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात, एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. टेस्टची रिकामी गाडी मधेच अडकली होती, कॉम्प्युटरने मागची गाडी बरोबर थांबवली होती, पण पुढे गाडी अडकलीय हे इंजिनिअरांना कळलं नाही, त्यांनी यंत्रणेने दिलेला थांबा डावलून माणसांनी भरलेली गाडी सोडली, ती त्या अडकलेल्या गाडीवर आदळली. १६ जण जखमी झाले, दोन तरुण मुलींचा प्रत्येकी एक पाय कापावा लागला. कंपनीला पुढे ५० लाख पौंड दंड झाला आणि राईड मार्च २०१६ मध्ये उघडली. गेटवरचा पोरगा नाही म्हणतोय तर त्याला नाही म्हणू द्या, त्याच्या अंगावर जाऊ नका.

पैशाचं थोडक्यात. बहुतेक पार्कांच्या तिकिटाच्या अटींमध्ये लिहिलेलंच असतं की एखादी राईड पूर्वसूचना न देता बंद राहू शकते आणि त्यासाठी रिफंड नाही. म्हणून काउंटरवर आवाज चढवून काही मिळत नाही. पण गेस्ट रिलेशन्सला, म्हणजे पाहुण्यांच्या अडचणी बघणाऱ्या काउंटरला जाऊन, लांबून आलोय, मुख्य राईड बंद आहे, काही करता येईल का असं शांतपणे विचारलं तर दुसऱ्या राईडला रांगेत सवलत, कधी तारीख बदलून, असं काहीतरी मिळू शकतं. मिळेलच असं नाही, पण विचारायला काय जातं. आणि आत शिरल्या शिरल्या विचारा, संध्याकाळी पाच वाजता सगळं वापरून झाल्यावर विचारलं तर कोण ऐकणार.

"ॲक्सिडेंट झाला म्हणून बंद ठेवलीय" असे मेसेज कुठल्याही चौकशीशिवाय ग्रुपवर टाकू नका. एका फॉरवर्डने शाळेची अख्खी सहल रद्द होते, मुलं हिरमुसतात.

कायमची बंद होणारी राईड असेल तर शेवटच्या दिवशी जायचा मोह होतो. अमेरिकेत डिस्ने वर्ल्डमधली स्प्लॅश माउंटन ही पाण्यातली राईड २२ जानेवारी २०२३ ला शेवटची चालली तेव्हा लोक तासन्‌तास रांगेत होते, काहींनी तिथलं पाणी बाटलीत भरून ऑनलाईन विकायला काढलं! जिथे आपण लहानपणी आईवडिलांबरोबर बसलो ती जागा जाणार म्हटल्यावर जीव तुटतो, ते अगदी खरं आहे. पण लहान पोरं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर शेवटचा आठवडा सोडून महिनाभर आधी जा, निवांत बसता येतं, फोटोही नीट येतात. उघडल्यावरही तेच, नवीन राईड पहिल्या आठवड्यात वारंवार थांबते आणि गर्दी तुफान असते. आपल्यासारख्या रात्रभर प्रवास करून येणाऱ्यांनी महिना-दीड महिना जाऊ द्यावा, परत एकदा फोन करून तारीख आणि राईडचं नाव सांगून विचारावं, आणि मगच गाडीचं रिझर्वेशन काढावं.