तैनातीवरून परतल्यावर लगेच हिशेब मागू नका

लष्करी तैनातीवर निघण्याआधी खातं तुमच्या आणि जोडीदाराच्या, दोघांच्या नावावर करा, हप्ते आणि बिलं आपोआप कापली जातील अशी सोय लावा, आणि मध्येच घर-जमिनीचं काही काम निघालं तर अडायला नको म्हणून जोडीदाराला तुमच्या वतीने सही करता येईल असं ठरावीक मुदतीचं मुखत्यारपत्र करून ठेवा. एवढं बरेच जण करतात. गडबड होते ती परतल्यावर. तैनातीचा जादा भत्ता थांबतो, खर्च मात्र त्याच चालीने सुरू राहतो. म्हणून त्या भत्त्याच्या भरवशावर नवा हप्ता लावून घेऊ नका. तो वेगळ्या खात्यात जाऊ द्या आणि त्यातून जुनं कर्ज फेडा.

दुसरी बाब जास्त नाजूक. मागे राहिलेल्या माणसाने इतके महिने एकट्याने घर ओढलेलं असतं. आल्याआल्या ‘एवढे पैसे गेले कुठे?’ असं विचारलंत की भांडण ठरलेलं. (साधी चौकशीही तेव्हा झडतीसारखी ऐकू येते.) पहिला महिनाभर चाललंय तसंच चालू द्या, फक्त शेजारी बसून बघा. मग कोणती कामं परत घ्यायची ते दोघांनी ठरवा. काही आता जोडीदाराच्याच हातात बरी असतात. गाडीसारखी मोठी खरेदी या महिन्यात नकोच.