उंचीवरील प्रवासासाठी जुन्या मोटरसायकलचा कार्बोरेटर कसा जुळवावा

समुद्रसपाटीपासून ३००० मीटर उंचीवर हवेची घनता सुमारे पाव हिश्शाने घटते. कार्बोरेटरमधून, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागातून, येणारे पेट्रोल मात्र त्या प्रमाणात घटत नाही. त्यामुळे मिश्रण ‘रिच’ (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) होते, स्पार्क प्लगवर काजळी धरते आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) उघडताच इंजिन गुदमरते. जुळवणीने हे गुदमरणे थांबते, पण गेलेली सगळी ताकद परत येत नाही, कारण इंजिनला मिळणारी हवाच कमी असते.

आधी एअर फिल्टर साफ करावा आणि चोक (थंड इंजिन सुरू करताना मिश्रण रिच करणारी सोय) वापरानंतर पूर्ण ‘ऑफ’ होतो का ते पाहावे. हीच लक्षणे तुंबलेल्या फिल्टरमुळेही दिसतात.

मग इंजिन गरम करून बंद करावे आणि कार्बोरेटरवरील मिश्रणाचा स्क्रू घट्ट करत नेल्यास किती फेऱ्यांत हलकेच टेकतो ते मोजून लिहून ठेवावे. जोर लावल्यास त्याचे टोक आणि बैठक दोन्ही बिघडतात. स्क्रू पुन्हा मूळ जागी आणून इंजिन सुरू करावे. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो बहुधा हवेचा असतो व सैल केल्यावर मिश्रण ‘लीन’ (पेट्रोल कमी) होते. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू पेट्रोलचा असल्याने तो घट्ट करावा लागतो. ही ओळख चुकली की पुढचे सगळेच उलटे होते. प्रत्येक वेळी पाव फेरीच फिरवावी आणि आयडलिंग (थ्रॉटल न देता इंजिनाचे चालणे) स्थिर झाले की थांबावे.

अर्ध्या थ्रॉटलवर गाडी अडखळत असेल तर इंजिन थंड झाल्यावर नीडलची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची वाट कमी-जास्त करणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच वर बसवावी, म्हणजे नीडल खाली उतरते व पेट्रोल कमी होते. पूर्ण थ्रॉटलसाठी मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारे मुख्य छिद्र) एक-दोन क्रमांकांनी लहान लागतो. तो बदलण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) रिकामा करावा.

मोकळ्या चढावर थोडा वेळ पूर्ण थ्रॉटलने चालवून, क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग निवल्यावर काढून पाहावा. तपकिरी रंग योग्य, काळा म्हणजे पेट्रोल अजून जास्त, पांढराफटक म्हणजे धोक्याइतके कमी.

खाली उतरण्यापूर्वी मूळ जेट व क्लिप परत बसवावी, अन्यथा मिश्रण लीन होऊन इंजिन तापते. पेट्रोलमधूनच ऑइल घेणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये तर वंगणही कमी पडून पिस्टन जाम होतो. रोजच चढ-उतार असेल तर माझ्या मते जेटला हात न लावता फक्त स्क्रूवर भागवावे आणि थोडी काजळी सोसावी.