रेडिओ खगोलशास्त्रात येताय? आधी कॅलिब्रेटर उघडा

पुणे जिल्ह्यातल्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा ४५ मीटर व्यासाच्या डिशमधून पलीकडचं आभाळ आरपार दिसलं. पत्रा नाही, तारांची जाळी. अशा ३० डिश. वजन, वाऱ्याचा भार आणि खर्च एकदमच उतरवणारी ही कल्पना भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राचा पाया घालणाऱ्या गोविंद स्वरूपांची. त्यांची पारितोषिकं पाठ करू नका, कामाची पद्धत बघा. ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या ३२ सहा फुटी डिश त्यांनी भारतासाठी मिळवल्या आणि १९६५ मध्ये कल्याणजवळ त्यांतून सूर्याची निरीक्षणं सुरू केली. उटीला तर डोंगराचा उतारच तिथल्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे ११ अंशांचा शोधला. त्यावरच्या ५३० मीटर लांब दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला. एकाच अक्षाभोवती फिरवून स्रोत तासन्‌तास धरता येतो. यंत्राशी झटलेल्या माणसालाच असं सुचतं.

मी नेमकं उलट केलं. एमएस्सीच्या प्रकल्पात डेटा थेट तयार पाइपलाइनमध्ये, म्हणजे आपोआप प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, घातला. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती तीव्रता ते दाखवणाऱ्या आलेखात, एक टोकदार रेघ आली. हायड्रोजनची रेघ १४२० मेगाहर्ट्झची, दूरच्या दीर्घिकेची त्याहून खाली सरकते; मी लगेच ही सरक, म्हणजे रेडशिफ्ट, काढून तीन आठवडे त्यावर लिहीत बसलो. मग एका सीनियरने कॅलिब्रेटरचा, म्हणजे यंत्र जुळवायला बघतात त्या आधीच माहीत असलेल्या स्रोताचा, कच्चा डेटा उघडायला लावला. दुर्बीण आकाशात दुसरीकडे वळलेली, आणि रेघ त्याच चॅनलमध्ये, म्हणजे वारंवारतेच्या त्याच कप्प्यात. जमिनीवरचा कुठला तरी ट्रान्समीटर! त्या रात्री जेवण गेलं नाही.

म्हणून हे नीट ऐका. रेघ दिसली की पहिल्यांदा कॅलिब्रेटर. मग वेळ आणि वारंवारता यांचा आलेख: सगळा वेळ एकाच चॅनलला चिकटलेली किंवा मध्येच उगवून मावळणारी रेघ संशयास्पद. मग डिशच्या जोड्या (दोन-दोन डिशचे संकेत एकत्र करूनच डेटा बनतो): मधल्या चौकात दाटीने उभ्या डिशच्या जवळच्या जोड्यांत असा गोंगाट ठळक दिसतो, चौकाबाहेर दूर पसरलेल्या भुजांवरच्या लांब जोड्यांत बहुधा विरतो. पण पसरट खरा स्रोतही लांब जोड्यांत फिका पडतो, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नका.

पाइपलाइन वाईट नाही, सुरुवातीलाच वापरणं वाईट. गाइड निवडताना नाव बघू नका. तुमच्या शेजारी बसून कच्चा डेटा उघडणारा कोण आहे ते विचारा.

आणि घाबरू नका. मला पहिलं कॅलिब्रेशन धड जमायला दोन महिने लागले, तुम्हालाही लागतील. जीएमआरटीचा जुना डेटा ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांना खुला होतो. एक छोटी फाइल उतरवून घ्या.