गाडीच्या इन्शुरन्सचा प्रीमियम काहून वाढला ते आधी शोधा, मग रिन्यू करा

रिन्यूअलचा मेसेज आला की आपण फक्त खालचा टोटल पाहतो, गेल्या वर्षीपेक्षा तीन-चार हजार जास्त दिसले की डोकं तापते आणि मग एक तर आहे तसं भरून मोकळं होतो नाही तर ॲपवर जी सगळ्यात स्वस्त दिसली ती पॉलिसी घेऊन टाकतो. दोन्हीत नुकसान आपलंच. वाढ नेमकी कुठून आली ते कळल्याशिवाय ती कमी करता येत नाही, आणि हे काम पॉलिसी संपायच्या महिनाभर आधी हाती घ्या, शेवटच्या दिवशी कोणी कोटेशन वाचत बसत नाही.

पहिले जुनी पॉलिसी आणि नवीन कोटेशन शेजारी-शेजारी उघडा. दोन भाग दिसतील, ओडी म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आणि टीपी म्हणजे थर्ड पार्टी. टीपीचा दर सरकार ठरवते, कोणत्याही कंपनीत जा तेवढाच लागणार. जून २०२२ मध्ये ठरलेले खाजगी कारचे दर असे: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. (सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी माफ झाला तो वैयक्तिक लाइफ आणि हेल्थ पॉलिसीवरचा, कारच्या इन्शुरन्सवर तो लागतोच.)

आता नागपूरच्या मनीष नगरातल्या आमच्या शेजारच्या काकांचं पाहा. २०२२ मध्ये १२०० सीसीची नवीन गाडी घेतली, २०२५ ला रिन्यूअल आलं तर रक्कम एकदम चार हजारांच्या वर वाढलेली. काका म्हणे, "गाडी जुनी होऊन राहिली, क्लेम एक नाही केला, मग पैसे काहून वाढले?" कागद पाहिला तर साधी गोष्ट होती. नवीन कारला टीपी तीन वर्षांचा एकदमच भरावा लागतो, मधली दोन वर्षं ते फक्त ओडी भरत होते, आता तीन वर्षं संपली म्हणून ३,४१६ अधिक जीएसटी असे ४,०३१ रुपये परत बिलात आले. त्यांच्या ओडीत फार फरक नव्हताच. तुमची गाडी चौथ्या वर्षात जात असेल तर पहिले हेच तपासा.

टीपीचं समजलं की सगळी शक्ती ओडीवर लावा, कारण घासाघीस तिथंच होते. तीन-चार कंपन्यांचे कोटेशन मागवा, पण आयडीव्ही सगळीकडे सारखा ठेवून, नाही तर तुलनेला अर्थ नाही. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण खलास झाली तर मिळणारी रक्कम, अन् प्रीमियम स्वस्त दाखवायला काही जण तोच खाली ओढतात. हजार रुपये वाचवायला लाखभर कमी आयडीव्ही घेऊ नका, खरंच सांगतो. आरटीओही बघा. ओडीच्या जुन्या झोन पद्धतीत मुंबई-पुणे ए झोनमध्ये आणि नागपूर बी मध्ये आहे, बी चा दर थोडा कमी असतो, म्हणून नागपूरची एमएच-३१, ४० किंवा ४९ ची गाडी असताना कोटेशनमध्ये भलतंच शहर पडलं असेल तर बदलून घ्या.

मग येतो एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, आणि लोक सगळ्यात जास्त पैसे इथं घालवतात. क्लेम न केल्यास ओडीवर २०, २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्के सूट मिळते, एक क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला सरळ शून्य. समजा तुमचा ओडी ८,००० आहे आणि ५० टक्के सूट लागून ४,००० भरता. सीताबर्डीच्या गर्दीत कोणी बंपर घासला, ६,००० चं काम निघालं आणि तुम्ही क्लेम टाकला. पुढच्या पाच रिन्यूअलला सूट ०, २०, २५, ३५, ४५ अशी परत चढत येईल, म्हणजे ४,००० + २,४०० + २,००० + १,२०० + ४०० असे १०,००० जास्त, जीएसटी धरून ११,८००. आयडीव्ही उतरत जातो म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी जातील, तरी ६,००० पेक्षा जास्तच, आणि त्या क्लेममध्येही कमीत कमी हजार रुपये सक्तीचे तुमच्याच खिशातून गेलेले असतात. तर गॅरेजवाला "इन्शुरन्समध्ये करून देतो" म्हणाला की आधी हा हिशोब मांडा.

एनसीबी गाडीचा नसून मालकाचा असतो. कंपनी बदलली तरी तो सोबत येतो, गाडी विकली तर एनसीबी सर्टिफिकेट मागून घ्या, नवीन गाडीला तीन वर्षांच्या आत वापरता येते. पण पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की गेला. आणि मागच्या वर्षी क्लेम केला असताना फॉर्मवर "नाही" लिहू नका, नवीन कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करते आणि ऐन क्लेमच्या वेळी अडकवते.

ॲड-ऑनची, म्हणजे जादा पैसे देऊन घेतलेल्या वाढीव कव्हरची, यादी बघून जे नको ते काढा. पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर १५ लाखांचा मालकाला सक्तीचा आहे, पण घरात तुमच्याच नावावर स्कूटर पण असेल तर दोन्हीवर भरायची गरज नाही, एक पुरतो. छोटे क्लेम करतच नसाल तर व्हॉलंटरी डिडक्टिबल घेऊन, म्हणजे क्लेममधली ठरलेली रक्कम स्वतः भरायची कबूल करून, ओडी कमी होतो. गाडी फार जुनी असेल आणि आयडीव्ही नावालाच उरला असेल तर नुसता टीपी पण चालते.

इंजिन प्रोटेक्ट हा ॲड-ऑन मात्र नागपुरात काढू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी आजूबाजूच्या वस्त्यांत शिरलं आणि घरासमोर उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह (ओडी आणि टीपी दोन्ही असलेल्या) पॉलिसीत पुराचं नुकसान येते, पण पाण्यातच गाडी सुरू करून इंजिनात पाणी ओढलं गेलं तर तो खर्च कंपनी सहसा नाकारते, आणि इंजिनचं बिल लाखात जाऊ शकते. पाणी चढलं तर चावी फिरवू नका, टो करून न्या.

पॉलिसीत एका दिवसाचाही खंड पडू देऊ नका, कारण मग गाडीचं इन्स्पेक्शन लागते आणि विनाविमा पकडले तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड आहे. पैसे भरल्यावर पीडीएफ आली की नाव, इंजिन-चेसिस नंबर, एनसीबीचा टक्का आणि सीएनजी किट असेल तर त्याची नोंद, एवढं त्याच दिवशी तपासा आणि चूक दिसली तर फोनवर न सांगता मेल टाकून दुरुस्ती मागा.