पनामा-कोलंबिया शिडाच्या बोटीने: दिशा उलटी केली आणि गणित सुटलं

दोन्ही देशांची हद्द एकमेकांना लागून, पण मधे दारिएनचं जंगल; तिथे रस्ताच नाही. म्हणून पाच दिवसांची बोट. माझा पहिला बेत पनामाहून कोलंबियातल्या कार्ताहेना बंदराला जाण्याचा होता, तोही फेब्रुवारीत, आणि बोट पोचते त्याच संध्याकाळचं पुढचं विमान.

हा बेत दोन ठिकाणी फसत होता. साधारण डिसेंबर ते मार्च तिथे ईशान्येचे व्यापारी वारे जोरात असतात. कार्ताहेनाकडे जाताना वारा तोंडावर येतो, लाटा बोटीला झोडपतात, आणि खुल्या समुद्राचे तीस-चाळीस तास संपता संपत नाहीत. मी प्रवास उलटा केला आणि महिनाही बदलला. कार्ताहेनाहून निघालं की वारा मागून किंवा बाजूने मिळतो. शिवाय कष्टाचा टप्पा आधी उरकतो, मग पनामाच्या ‘गुना याला’ नावाच्या प्रदेशातल्या बेटांच्या आडोशाला शांत पाणी. ते पाणी पाहून खरंच जीव निवला!

विमान दोन दिवस पुढे ढकललं. हवामान बिघडलं तर कप्तान थांबणारच, आणि त्याने थांबावंच.

बाकी किरकोळ: उलटीची गोळी निघण्याआधी घ्या, मळमळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी. बेटांवर गुना या तिथल्या आदिवासी लोकांची स्वायत्त सत्ता आहे, त्यांचं प्रवेशशुल्क वेगळं द्यावं लागतं. सुट्टे डॉलर जवळ ठेवा. आणि पासपोर्टवर कोलंबिया सोडल्याचा शिक्का बसला का, हे नांगर उचलण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.